समाजकल्याणाच्या तरतुदींवर सभागृहात बोलायचं नाही, तर कुठे?

गोदाकाठची
काल इथे एकाने लिहिलं, "महिला-बालकल्याण, दिव्यांग यांच्या तरतुदींवर नाशिक महापालिकेच्या महासभेत तासन्‌तास बोलून काय होतं? प्रशासक होते तेव्हा अंदाजपत्रक गुपचूप मंजूर व्हायचं आणि कामं व्हायची." वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गुपचूप मंजूर व्हायचं हीच तर माझी तक्रार आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, ती निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. तोवर राजीव गांधी भवनात (मनपा मुख्यालयात) सगळं प्रशासकाच्या हाती: मांडणारा तोच, तपासणारा तोच, मंजूर करणारा तोच. आयुक्तांनी अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवायचं, स्थायीच्या 16 जणांनी ते पिंजून काढायचं, मग महासभेने मंजूर करायचं, हे टप्पे उगाच ठेवलेले नाहीत. रस्ता खचला तर सगळ्या गावाला दिसतो. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेले 5 टक्के पैसे मार्चअखेर अखर्चित राहिले तर कुणाला दिसणार?

माझा धाकटा भाऊ अस्थिव्यंग आहे. तीनचाकीसाठी एका कार्यालयात (नाव घेत नाही) आम्ही तीन खेपा घातल्या. फेब्रुवारीत सांगितलं, "या लेखाशीर्षात (खर्चाच्या सदरात) पैसे नाहीत, एप्रिलनंतर या." एप्रिलमध्ये, "तरतूद अजून वर्ग झालेली नाही." तिसऱ्या खेपेला म्हणाले, अर्जदाराला समक्ष आणा. आईने त्याला पाठुंगळी घेऊन दोन जिने चढवले. वर गेल्यावर फाईल उघडली, तर अर्जावर नुसती पेन्सिलची एक खूण होती. बाकी काही नाही.

सातपूरकर
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण सभागृहात दिव्यांगांसाठी घसा कोरडा करणारा नगरसेवक मी तरी पाहिला नाही. भांडण असतं प्रभागातल्या कामांचं. आमच्या बागेत ग्रीन जिम बसली, दुसऱ्या पावसाळ्यात गंजली, तिथेच शेजारी आता पेव्हर ब्लॉक. त्यापेक्षा आयुक्त तुकाराम मुंढेसाहेब परवडले. फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2018, जेमतेम नऊ महिने, पण माणसं टेबलाशी दिसायला लागली. तर नगरसेवक त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायला निघाले!

पंचवटी कारंजा
आलं मुंढ्यांचं नाव! करवाढ विसरलात? मोकळे भूखंड तर सोडाच, हद्दीतल्या शेतजमिनीसुद्धा त्यात आल्या. शेतकरी रस्त्यावर उतरले ते काय हौसेने? सभागृह होतं म्हणून निदान आवाज तरी उठला.

सातपूरकर
कर वाढवायचा नाही आणि सोयी सगळ्या फुकट हव्यात. पैसा काय गोदावरीतून वाहत येतो? तेव्हाही ओरडणारे बहुतेक भूखंडवालेच होते.

पंचवटी कारंजा
तोंड सांभाळून. माझ्याकडे भूखंड नाही, वडिलांची दोन खोल्यांची चाळ आहे.

सिडकोवाली
तुम्ही दोघं करावरच अडकलात. त्याच वर्षी कमी पटाच्या मनपा अंगणवाड्या बंद करायला घेतल्या, ते कुणालाच आठवत नाही?

मी वस्तीतल्या एका बालवाडीत सहा वर्षं मदतनीस होते. पटावर 22 पोरं. जूनमध्ये पेरणीला आया गावाकडे जातात, पोरांना घेऊन. त्या दिवसांत मोजलीत तर नऊ. दिवाळीनंतर या, सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसते, दोन पोरं उंबऱ्यात बसून खिचडी खातात. हे वरच्या साहेबाला कागदावरून कळणार नाही. प्रभागातल्या बाईला कळतं, आणि तिला बोलायला सभागृहच लागतं.

सातपूरकर
म्हणजे नऊ पोरांसाठी खोलीभाडं आणि दोघींचं मानधन वर्षभर चालू ठेवायचं?

सिडकोवाली
हो, ठेवायचं! ती नऊ पोरं ज्या बायकांची, त्या तुमच्याच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात. बालवाडी बंद झाली की मोठी बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. माझ्या डोळ्यांदेखत तिघी घरी बसल्या. त्यातली एक चौथीत पहिली आली होती.

गोदाकाठची
मुंढे 2018 लाच गेले, आपण यंदाचं बोलू. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, घाट, साधुग्राम, सगळं तातडीचं. अशा घाईत पुनर्विनियोजन झालं, म्हणजे एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवला, तर कात्री आधी छोट्या लेखाशीर्षांनाच लागेल, ही माझी भीती आहे. म्हणून तरतूद किती यावर टाळ्या नकोत. गेल्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, कोणत्या महिन्यात झाला, आणि उरलेलं कुठे वळवलं, हे स्थायीत दर तीन महिन्यांनी वाचून दाखवलं पाहिजे.

पंचवटी कारंजा
वर्गीकरणाचे, म्हणजे असा निधी वळवण्याचे, विषय ऐनवेळी पटलावर येतात, ते आधी थांबवा. तिथेच सगळं हातोहात होतं.

सातपूरकर
खर्चाचा तक्ता दर तिमाहीला वाचला जावा, इतकं मान्य. बालवाडीचा पट एकाच महिन्यात मोजू नये, हेही चला, मान्य. पण नगरसेवकाने आधी अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. रविवारी आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना भेटून दिव्यांगांच्या खर्चाचं विचारतो.

गोदाकाठची
काका, मीही येते, भावाला घेऊन. फक्त भेट तळमजल्यावर ठेवायला सांगा.