चालू सर्व्हरवर ट्रेस कायम सुरू असावा का?

रात्रपाळी (धागाकर्ता):
माझे मत ‘नाही’ असे आहे. (ट्रेस म्हणजे प्रत्येक विनंतीच्या प्रवासाची पायरीपायरीने सविस्तर नोंद.) आमच्या वेब सेवेवर अधूनमधून ५०४ (मागच्या सेवेकडून वेळेत उत्तर न आल्याची त्रुटी) येऊ लागला, तेव्हा घाईघाईने अपाचे या वेब सर्व्हरची लॉगपातळी (नोंदी किती तपशिलाने ठेवायच्या ते) ‘वॉर्न’वरून, म्हणजे फक्त इशारे आणि त्रुटींवरून, थेट सर्वांत सविस्तर ‘ट्रेस८’वर नेली गेली, पहाटेपर्यंत डिस्क भरली आणि अडखळत का होईना चालणारी सेवा पूर्ण बंद पडली. उत्तर मात्र साध्या ॲक्सेस लॉगमध्येच (प्रत्येक विनंतीमागे एक ओळ) होते. प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ त्यात मायक्रोसेकंदांत नोंदवण्याची सोय आम्ही पूर्वीच केलेली होती, त्यामुळे सहा कोटींच्या पुढचे आकडे वेगळे काढल्यावर त्या सर्व ओळी एकाच मासिक अहवालाच्या निघाल्या. सहा कोटी मायक्रोसेकंद म्हणजे ६० सेकंद, आणि अपाचे २.४ ची मूळ कालमर्यादाही तेवढीच. ज्यांना ॲक्सेस लॉग वाचता येत नाही, त्यांनी ट्रेस सुरू करून काय वाचायचे?

पुणेरी_ॲडमिन:
शेवटचे वाक्य चुरचुरीत आहे, पण अन्यायकारक आहे. कोणता अहवाल अडकला हे आपल्याला कळले. तो का अडकला हे कळले का? अहवालाची विनंती पुढे आणखी चार सेवांकडे जात असेल, तर प्रत्येकीचा लॉग उघडून कोणती ओळ कोणत्या विनंतीची हे अंदाजाने जुळवावे लागते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०२० मध्ये प्रमाणित केलेल्या ‘ट्रेसपेरेंट’ हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) ३२ हेक्स (सोळा-आधारी) अंकांचा ओळखक्रमांक असतो. तो प्रत्येक सेवेने पुढे पाठवला आणि आपल्या लॉगमध्ये छापला, की एका ग्रेपमध्ये (फाइलींत मजकूर शोधणाऱ्या आज्ञेत) सगळा प्रवास समोर येतो. आणि पातळी वाढवायचीच होती तर सरसकट कशाला? २.४ मध्ये ती एकेका मॉड्यूलपुरती (अपाचेच्या सुट्या भागापुरती) वाढवता येते.

रात्रपाळी:
मॉड्यूलचे म्हणणे मान्य, ती चूक आमचीच. ओळखक्रमांकालाही विरोध नाही, तो लॉगच्या ओळीत बसतो. माझा आक्षेप सविस्तर ट्रेसला आहे. हजारांतली एखादीच विनंती टिपायची म्हटले, तर नेमकी बिघडलेली सुटते. सगळ्याच टिपल्या, तर डिस्क तर भरतेच, शिवाय ग्राहकांचे पासवर्डही फाइलीत जाऊन बसू शकतात.

घड्याळजी:
आपण दोघेही ॲक्सेस लॉगवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवत आहात. अपाचे ती ओळ विनंती संपल्यावर लिहितो, परंतु तिच्यावर वेळ घालतो विनंती आल्याची. एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर मात्र ओळ लिहितानाची वेळ घालतो. पुढे एन्जिनएक्स आणि मागे अपाचे अशी मांडणी असेल, तर मिनिटभर रेंगाळलेली एकच विनंती एका फाइलीत १०:०० ला आणि दुसरीत १०:०१ ला दिसते, आणि त्या दोन निराळ्या विनंत्या समजून तासभर वाया जातो. (अनुभवाचे बोल आहेत.) शिवाय ज्या विनंतीमुळे प्रोसेसच (सर्व्हरचा चालू प्रोग्रॅमच) कोसळली, तिची ओळ ॲक्सेस लॉगमध्ये उमटतच नाही. त्यासाठी अपाचेचा फॉरेन्सिक लॉग आहे: विनंती आली की अधिक चिन्हाची ओळ, पूर्ण झाली की उणे चिन्हाची. जिला जोडीदार नाही, ती अधिकची ओळ संशयित.

रात्रपाळी:
दोन ग्राहकांच्या तक्रारींचा आमच्या लॉगमध्ये मागमूसही नव्हता आणि आम्ही त्या त्यांच्या इंटरनेटच्या माथी मारून मोकळे झालो होतो, ते आता आठवले. फॉरेन्सिक लॉगमध्ये विनंतीची सगळी हेडरे उतरतात, म्हणजे लॉगिनची ओळख पटवणारी कुकीही. तेव्हा फाइल वाचण्याचे अधिकार आवळून, अहवालाच्या व्हर्च्युअल होस्टपुरता (त्याच सर्व्हरवरील वेगळ्या साइटपुरता) तो आज रात्री सुरू करतो. ट्रेस८ बंदच राहील.