मदत हवी आहे: साखर वाढवूनही मधमाश्या निळा आणि निळसर हिरवा वेगळा ओळखत नाहीत

रानमेवा: मेलिफेरा (युरोपीय मधमाशी), मोकळ्या उडणाऱ्या, पाठीवर रंगाचे ठिपके लावलेल्या. निळ्या चकतीवर साखरेचा पाक ठेवून निळा रंग ओळखायला शिकवतोय. पाक २०% चा ५०% केला, निळ्यावर बसणं वाढलं, पण निळसर हिरव्यावरही तितकंच वाढलं. साखर अजून वाढवू का? लवकर सांगा, पेटी परत द्यायची आहे.

पेटीवाला: ५०% वजनाने का? आणि हिरव्यावर काय ठेवलंय?

रानमेवा: वजनानेच. हिरव्यावर काय असणार? शिकवताना फक्त निळी असते, हिरवी थेट चाचणीत.

सांख्य: हे आधी सांगायला हवं होतं! एकच रंग दाखवला की माशी 'निळ्याच्या आसपासचं ते गोड' एवढंच शिकते. मधमाश्यांचे संशोधक जिउर्फा यांनी २००४ मध्ये हेच दाखवलं: जवळचे रंग ओळखायचे तर शिकवतानाच दोन्ही समोर हवेत, एकावरच पाक. साखरेने ओढ वाढते, पारख नाही. बरोबर बसण्याचे आणि चुकून बसण्याचे टक्के वेगळे मांडा.

पेटीवाला: दुसऱ्यावर नुसतं पाणी ठेवू नका, चूक स्वस्त पडते. क्विनीन हेमिसल्फेट हे कडू रसायन ठेवा, १०० मिलीत ०.१२ ग्रॅम. माश्यांचे संशोधक चित्का यांच्या २००३ च्या प्रयोगात कडू चव मिळू लागल्यावर बंबलबी (मधमाशीची केसाळ, जाडजूड नातलग) सावकाश निवडू लागल्या आणि चुका घटल्या.

सांख्य: कडवटाने काही माश्या फिरकेनाशा होतात, मग उरलेल्यांवरूनच निष्कर्ष काढाल. आधी पाणी, नाही जमलं तर क्विनीन.

पेटीवाला: इतक्या जवळच्या रंगांना पाण्यावर दिवस फुकट जातील. थेंब मात्र दोन्हीकडे १० मायक्रोलिटरचाच, नाहीतर माशी थेंबाचा आकार बघून निवडेल.

हिरवाई: पावसाळ्यात पेटी अशक्त झाली असेल तर संध्याकाळी १:१ पाक द्या. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

रानमेवा: पेटी धडधाकट आहे हो.

डोळस: चकती केवढी? माशी किती अंतरावरून निवडते?

रानमेवा: ३ सेंमी. अंतर साधारण ३० सेंमी.

डोळस: मग तिथून तिला रंग कळतच नाही! रंग ओळखायला चकतीने तिच्या नजरेचे साधारण १५ अंश व्यापावे लागतात. ३० सेंमीवरून त्यासाठी ८ सेंमीची चकती लागते. तुमची जेमतेम ६ अंश भरते. इतक्या लहान चकतीची पार्श्वभूमीपासूनची वेगळेपणाची खूण फक्त डोळ्यातल्या हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींकडूनच मिळते. आधी चकत्या मोठ्या करा, क्विनीनचं भांडण नंतर.

सांख्य: आणि दर फेरीला चकत्या ३०% इथेनॉलने पुसून जागा बदला, आधीच्या माशीचा वास राहतो. चाचणीला न वापरलेल्या चकत्या, दोन्हींवर साधं पाणी.

रानमेवा: ८ सेंमीच्या उद्याच कापतो. दोन चकत्यांमध्ये अंतर किती ठेवू?