लो-रेंज, बॅटरी आणि मायलेज

हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी) घेतली की आडवाटेवरही पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल, असे गणित मांडले जाते; ते मला पटत नाही. शहरात हायब्रिडची बचत होते ती ब्रेक दाबताना परत मिळणाऱ्या ऊर्जेमुळे आणि सिग्नलला इंजिन बंद राहिल्यामुळे. दगडधोंड्यांतून लो-रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या जादा गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने चढताना यांपैकी फारसे काही हाती लागत नाही, उलट बॅटरीचे वजन वाहावे लागते. जीप रँग्लर ४एक्सई ही प्लगला जोडून चार्ज होणारी हायब्रिड पाहा: १७.३ किलोवॅट-तासांची बॅटरी भरलेली असेपर्यंत ती सुमारे ३५ किलोमीटर विजेवर जाते, पण ती संपली की अमेरिकी सरकारी आकड्यांनुसार लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर, म्हणजे साध्या चार सिलिंडरच्या रँग्लरपेक्षाही किंचित कमी.

टोयोटाने २०२४ च्या अमेरिकी लँड क्रूझरमध्ये मोटर बसवली ती इंजिन आणि आठ गिअरांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मध्ये, त्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आणि लो-रेंज शाबूत राहिले, ६३० न्यूटन-मीटर टॉर्क मिळाला आणि मायलेज आधीच्या, आठ सिलिंडरच्या व्ही८ लँड क्रूझरच्या लिटरला सुमारे सहा किलोमीटरवरून पावणेदहाच्या आसपास गेले. (यात लहान इंजिनाचाही वाटा मोठा आहे.) किंमत मोजावी लागली ती डिकीत, बॅटरीमुळे तिथला तळ उंचावला.

आपल्याकडे मारुतीच्या ग्रँड विटारामध्ये स्ट्राँग हायब्रिड (जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते) केवळ पुढच्या चाकांवर चालते आणि ऑलग्रिप, म्हणजे सुझुकीची चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, हवी असेल तर माइल्ड हायब्रिडवर (जिची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) समाधान मानावे लागते. घाटातल्या चिखलवाटांसाठी मी ऑलग्रिपच घेईन. लो-रेंज मात्र तिच्यातही नाही. त्यासाठी जिमनी किंवा फोर-बाय-फोर थारकडे वळावे लागेल, आणि त्या दोन्हींत हायब्रिड मिळत नाही.