युद्धपट बघताना घरातलं कोण आठवतं? (अनुभव धागा)

काल टीव्हीवर 'बॉर्डर' लागला होता, १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा. मुलगा म्हणाला, आजोबा असते तर काय म्हणाले असते? मला १९९७ चा तो दिवस लख्ख आठवला. बाबांना हौसेनं थिएटरात नेलं होतं. १९७१ ला ते लष्कराच्या सिग्नलमध्ये (संदेशवहनात), राजस्थानच्याच बाजूला. मध्यंतरात चहा आणायला उठले ते आलेच नाहीत. शोधत गेलो तर सायकल स्टँडजवळच्या पायरीवर बसलेले, हातात दोन कप, दोन्ही गार. "तू बघ, मला नाही जमायचं." घरी येताना एवढंच बोलले, "विमानं सकाळी आली. पण रात्र फार मोठी होती रे."

हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून मेजर चांदपुरी आणि त्यांच्या शे-सव्वाशे जवानांनी उजाडेपर्यंत लोंगेवालाची चौकी धरून ठेवली, हे मी नंतर वाचलं. बाबांना विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरातलं लिहा.

सातारकर
आमचे दादा पडद्यावरच्या पोरांवर ओरडायचे, "अरे डोकं खाली घे! छाती काढून उभा काय राहतोस!" आई हसून लोटपोट. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. आता तो प्रसंग आला की आईच पुटपुटते, डोकं खाली घे रे.

निशिगंध
😢 आईंना नमस्कार सांगा.

गिरगावची
सिनेमा नाही, पण ७१ म्हटलं की मला काळा कागद आठवतो. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना खळीनं चिकटवलेला, त्या खळीचा वास. भोंगा झाला की आम्ही पोरं जिन्याखाली. मामा नेव्हीत. कुठल्या जहाजावर, घरात कुणालाच माहीत नाही. ९ डिसेंबरला दीवजवळ नेव्हीचं खुकरी जहाज बुडालं. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत. मामाचं पत्र येईपर्यंत आजी रोज त्याच्या नावचा भात काढून ठेवायची. मामा खुकरीवर नव्हता. पत्र आलं त्या दिवशी आजी पहिल्यांदा रडली. कुकर झालाय, नंतर लिहिते.

वाचनमात्र
सिनेमात आपले बरेच जण पडताना दाखवलेत. प्रत्यक्षात लोंगेवालाला आपले दोन जवान गेले. शाळेत असताना हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

माहेरवाशीण
आमच्याकडचा एक गेला. बहिणीचे दीर, १९९९, कारगिल. बातमी आली, सगळं झालं, आणि मग ५६ एपीओचं (लष्करी टपालाचं) पत्र आलं, त्यांचंच. आधी टाकलेलं, उशिरा पोचलेलं. त्यात लढाईचं अक्षर नाही. कौलं पावसाआधी चाळून घ्या, गड्याला आगाऊ पैसे देऊ नका. बहिणीच्या सासऱ्यांनी त्या वर्षी स्वतः वर चढून कौलं चाळली, कुणाला हात लावू दिला नाही. त्या घरात असे सिनेमे लावत नाहीत. लागलाच कुठे, तर कुणीतरी उठून बंद करतं, बाकीचे काही बोलत नाहीत.

वाचनमात्र
ताई, मी वर लिहिलं ते तुम्हाला लागलं असेल तर माफ करा.

माहेरवाशीण
अहो नाही. तुम्ही मनापासून लिहिलंय.

सातारकर
आमच्या जवळच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण गेले. आमच्या गावात गणपतीत पडदा बांधून हा सिनेमा दाखवलेला. पोरंबाळं सतरंजीवर, आणि रिटायर झालेली माणसं मागं भिंतीशी उभी. खुर्च्या दिल्या तरी बसली नाहीत.

पाऊलवाट
थोडं विषयांतर. आजोबांच्या ट्रंकेत पश्चिमी स्टार (७१ च्या लढाईचं पदक) मिळालाय, रिबीन पार कुजलीय. काय करू?

माजी सैनिक
पॉलिशनं घासू नका, कोरलेलं झिजतं. मागच्या बाजूला भिंग लावून बघा, नंबर, हुद्दा, नाव असेल. रिबीन कॅन्टोन्मेंटातल्या लष्करी शिंप्याकडे मिळते.

निशिगंध
गिरगावच्या ताई, मामांचं पुढे काय झालं? लिहा ना.

पाऊलवाट
बघितलं. नाव आहे. नावाआधी 'नायक' आहे, म्हणजे शिपायाच्या वरचा हुद्दा. आम्ही आजवर सगळ्यांना सांगत आलो, आजोबा साधे शिपाई होते. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.