मदत हवी आहे: पिल्लू विसरलं, की आठवण बाहेर येत नाही?

उंदराची पिल्लं आणि प्रौढ उंदीर यांच्या साहचर्य-शिक्षणाची (दोन गोष्टींची जोडी लावून शिकण्याची) तुलना सेमिनारसाठी मांडतेय. वासासोबत सौम्य शॉक दिला की प्रौढ उंदीर तो वास टाळतो. साधारण 10 दिवसांच्या आतलं पिल्लू मात्र उलट त्याच वासाकडे सरकतं! यामागचं कारण समजलंय: त्या वयात कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक) कमी असतं, अमिग्डाला (मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग) या शिकण्यात उतरत नाही, कॉर्टिकोस्टेरॉन बाहेरून दिलं तर पिल्लूही टाळायला लागतं. त्यामुळे ‘पिल्लांचा मेंदू कच्चा असतो’ एवढंच उत्तर कृपया नको.

अडलंय पुढच्या वयात. 17-18 दिवसांचं पिल्लू आवाज आणि शॉकची जोडी शिकतं, पण प्रौढापेक्षा लवकर विसरतं. लगेच चाचणी, काही दिवसांनी चाचणी, आणि आवाज-शॉक जोडी न लावता सुटे दिलेला गट, हे सगळं आराखड्यात आहे. मोजमाप भीतीने थिजून राहण्याच्या वेळेचं. (शॉक दोन्ही वयांना सारखाच जाणवतो का, हा वेगळाच घोळ, तूर्त बाजूला.) काम फक्त कागदावर आहे आणि मेंदूत हस्तक्षेप नको, वर्तनच हवं.

चाचणीआधी आठवणीपुरता एकच हलका शॉक दिला आणि भीती परतली, तर आठवण शाबूत होती असं म्हणता येईल का? की ते नव्याने शिकणं नव्हतं हे दाखवायला आणखी एखादा गट लागेल, आणि नेमका कोणता?