सामूहिक परसबाग: वाफे कसे पाडलेत, काय कुठं लावलंत?

बेळगावात अनगोळला आमच्या गल्लीतल्या मोकळ्या जागेत आठ-दहा घरं मिळून भाजी लावायचं ठरतंय. बियाण्यांची यादी झाली, वाफ्यांवरून मात्र रोज वाद. केलंय त्यांनीच लिहा, वर आपल्या गावाचं नाव घाला, पुस्तकी नको.

खानापूर
यादी ठेवा बाजूला, आधी पाणी कुठून बाहेर जाणार ते बघा. आषाढात पाऊस इथं उसंत देत नाही. गादीवाफे वीतभर उंच, तीन-साडेतीन फूट रुंद. दोन्हीकडून हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय पडत नाही. मधल्या सऱ्या, म्हणजे पाण्याचे चर, उताराला सरळ काढू नका, जरा तिरक्या काढा, नाहीतर तांबडी माती धुपून जाते. पावसात दोडका, काकडी मांडवावर. मेथी-कोथिंबिरीचा हट्ट गणपतीनंतर.

अथणी
आमचं सगळं उलटं! पाऊस तुमच्या मानानं चिमूटभर, जमीन काळी. वाफे सपाट, कडेनं बांध, वर उसाचं पाचट. उन्हाळ्यात गवार तग धरते.

निपाणी
टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातले, रोगही बरेचसे सामाईक. आणि आपली तंबाखूसुद्धा त्यांचीच भाऊबंद, हे इकडे कुणी लक्षात घेत नाही. जागा जुन्या तंबाखूच्या रानातली असेल तर पहिल्यांदा घेवडा, चवळी घ्या. आम्ही चार भाग केलेत: फळभाजी, शेंगा, पाला, मुळा-गाजर. दर हंगामाला भाग पुढं सरकतो. एका काकूंना 'माझा वाफा' सोडवेना. शेवटी वाफ्यांना घरांची नावं द्यायचीच बंद केली.

वडगाव
मेथी महिन्याभरात निघते. सगळं बी एकदम टाकलं की सगळ्या घरांत एकाच दिवशी मेथी, मग कोण खाणार? आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक पट्टा पेरा. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून टाका. कोबीच्या दोन रोपांमध्ये मुळा लावा, कोबी पसरेपर्यंत तो काढून होतोय की. मांडव उत्तरेच्या कडेला. थंडीत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, सावली भाजीवर पडत नाही.

अनगोळ
सऱ्या तिरक्या, मांडव उत्तरेला, ठरलं. नळाजवळ कायम चिखल असतो, तिथं काय लावू?

खानापूर
अळू. त्यात विचारायचं काय? वड्या पाठवा.