‘फेटेड मेट’ला मराठीत काय म्हणावं?

गेली तीन-चार वर्षं मी पॅरानॉर्मल रोमान्स कादंबऱ्या झपाटल्यासारख्या वाचते आहे. अर्धा माणूस, अर्धा लांडगा असा नायक असतो. गर्दीत त्याला एक वास येतो आणि त्याच क्षणी कळतं की हीच ती, दैवाने आपल्यासाठी ठरवून ठेवलेली एकमेव जोडीदार, म्हणजे ‘फेटेड मेट’. तिला अजून त्याचं नावही माहीत नसतं. परवा वाचनगटात हे सांगत होते, तेव्हा एका मावशींनी विचारलं, “फेटेड मेट म्हणजे गं काय?” आणि माझी गाडी अडली.

‘जोडीदार’ म्हटलं तर बॅडमिंटनच्या दुहेरीतला गडीही जोडीदारच असतो. ‘जीवनसाथी’ला वधू-वर सूचक मंडळाचा वास येतो. ‘नियोजित’ अर्थाने जवळचा आहे, पण साखरपुडा झालेल्यांनी तो केव्हाच घेऊन टाकला. ‘मेट’ तसाच ठेवावा, तर रस्त्याच्या कामावर मजुरांच्या टोळीवर देखरेख करणाराही मेट, आणि किल्ल्याच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी हेही मेटच.

शब्द अडतो त्यामागे माझंही एक अडलेपण आहे. ही कल्पना मला मनापासून आवडते आणि मनापासून खुपतेही. दोन्ही बाजू पेलणारा शब्द हवा आहे.

प्रतिसाद : ‘ऋणानुबंध’ आहे की! इतका मुरलेला शब्द असताना शोधाशोध कशाला?

धागाकर्ती : मलाही आधी तोच आठवला. पण ‘ऋणानुबन्धरूपेण पशुपत्नीसुतालयाः’ हा श्लोक पाहा. जनावरं, बायको, मुलं, घर, सगळं एकाच दोरीत. दारातल्या कुत्र्याशीही ऋणानुबंध असतो आणि ते छानच आहे. पण कादंबरीतल्या नात्याचा एकमेवपणा त्यात येत नाही. शिवाय पुढचा चरण ‘ऋणक्षये क्षयं यान्ति’ असा आहे. देणं फिटलं की नातं सरलं. फेटेड मेटचं देणं कधी फिटतच नाही, तीच तर त्याची गोडी आणि तोच त्याचा फास.

प्रतिसाद : आमची आजी म्हणायची, “सटवीने लिहिलंय ते चुकत नाही.” सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते. ‘सटवीचा लेख’ घ्या.

प्रतिसाद : पत्रिका जुळवणं हेच आपलं फेटेड मेट नाही का? ३६ गुणांत ‘योनी’चे ४ असतात आणि २७ नक्षत्रांना १४ प्राणी वाटून दिलेत : घोडा, हत्ती, सर्प, मांजर, वाघ, मुंगूस वगैरे. ‘गणा’चे ६, त्यात राक्षसगणही आला. लांडगा तेवढा नाही.

धागाकर्ती : हे वाचून फार आनंद झाला! पण फरक मोठा आहे. पत्रिकेत मोजमाप आहे. १८च्या पुढे गेले की ठीक म्हणतात, कमी पडले तर शांती करतात, नाहीतर दुसरं स्थळ पाहतात. तिथे तडजोडीला वाव असतो. कादंबरीत ३६ तरी असतात किंवा शून्य.

प्रतिसाद : वटपौर्णिमेला सात जन्म हाच पती मागतात, ते?

धागाकर्ती : ताई, यावर मी बरेच दिवस विचार करते आहे, म्हणून जरा लांब लिहिते. महाभारतातल्या वनपर्वातली सावित्री वडिलांच्या सांगण्यावरून स्वतः वर शोधायला निघते आणि सत्यवानाला निवडते. नारद सांगतात की त्याचं आयुष्य एकच वर्ष उरलंय. म्हणजे दैव ‘हा नको’ म्हणत असतं! ती उत्तर देते, ‘सकृदंशो निपतति सकृत्कन्या प्रदीयते’. वाटणी एकदाच होते, कन्यादान एकदाच होतं, ‘देतो’ हा शब्द एकदाच उच्चारायचा असतो. पक्कं काही असेल तर ती तिची निवड. यमाशी वाद घालून ती लिहिलेलं पुसून घेते. दमयंतीचंही तसंच. स्वयंवरात नलाच्या रूपात चार देव बसलेले असताना ती खरा नल ओळखून काढते. या दोघींना कुणी वासाने हेरलेलं नाही.

कादंबऱ्यांत मला खुपतं ते इथेच. नायिका ‘नको’ म्हणते, पण तिच्या अंगाने आधीच ‘हो’ म्हटलेलं असतं, आणि नायक त्या अंगाचं ऐकतो.

प्रतिसाद : ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर आणि लांडगा-माणसांच्या कादंबरीमालेतला ‘इंप्रिंट’ (पाहताक्षणी एखाद्याशी कायमचं बांधलं जाणं) शब्दही याच कुळातला ना? २००८ साली आलेल्या ‘ब्रेकिंग डॉन’ या भागात लांडगा होऊ शकणारा जेकब नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर इंप्रिंट होतो. तिथे मी पुस्तक मिटलं होतं. मूळ शब्द प्राणिशास्त्रातला. कोनराड लोरेन्झने दाखवलं की अंड्यातून बाहेर आलेली हंसाची पिल्लं समोर जे हलताना दिसेल त्याच्या मागे जातात. ती खुद्द लोरेन्झच्याच मागे जात. त्यात पिल्लाची पसंती कुठे असते?

प्रतिसाद : आणि खरा लांडगा तर जोडीदार मेल्यावर दुसरा शोधतो. आमच्या सासवडकडच्या माळावर लांडगे आहेत. कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं.

प्रतिसाद : शब्दाकडे वळू या. ‘दैवजोड’ कसा वाटतो? ‘जोड’ म्हणजे बरोबरीचं माणूस हा अर्थ आपल्याकडे आहेच : ‘त्याला जोड नाही’, ‘अजोड’, ‘बेजोड’. आणि ‘विजोड’ तर बहुतेकदा नवरा-बायकोसाठीच वापरतात.

धागाकर्ती : ‘विजोड’! हा कसा सुचला नाही मला? निम्म्या कादंबऱ्यांचं कथानक या दोन शब्दांत बसतं. जगाच्या डोळ्यांना विजोड, आणि तरी दैवजोड. एक शंका मात्र आहे. इंग्रजी ‘मेट’ म्हणजे माणूस. ‘जोड’ म्हटलं की मनात आधी सांधा येतो, पाइपाचा नाहीतर लाकडाचा. “तू माझी दैवजोड आहेस” असं नायक म्हणाला तर पटेल?

प्रतिसाद : पटेल. ‘सोबत’सुद्धा भाववाचकच आहे, तरी “मला तुझी सोबत आहे” म्हणतोच की. माणसासाठी हवं तर ‘दैवजोडीदार’ करा, पण लांबतं.

धागाकर्ती : आज एक प्रसंग मराठीत उतरवून पाहिला. ‘दैवजोड’ दोनदा वापरला, तिसऱ्यांदा गरज पडली नाही. त्यात सांध्याचा अर्थ डोकावतो ते आता मला आवडू लागलंय, कारण सांधा धरून ठेवतो आणि अवघडतोही. दिवसभर सगळ्यांसाठी निर्णय घेऊन थकलेली मी रात्री हे वाचते, तेव्हा कुणीतरी आपल्याला न चाचपडता ओळखावं हे सुख खरंच हवंसं वाटतं. ते मी नाकारणार नाही.

आता ‘रिजेक्टेड मेट’ उरलाय. त्या प्रकारात नायक किंवा नायिका तोंडाने स्पष्ट शब्दांत नातं नाकारतात आणि दोघांच्याही जिवाला यातना होतात. ‘तुटलेली दैवजोड’ लिहिलं होतं, पण तुटणं आपोआप होतं. ते खोडून ‘नाकारलेली दैवजोड’ केलं. ‘मोडलेली’ म्हणावं का, सोयरीक मोडते तशी? मोडायलाही कुणीतरी लागतं. सुचवा.